‘व्हय, आसंच म्हणलं मी’

त्या शनिवारी सकाळी मी चौकात गाडी लावून तिच्या नावानं खडे फोडत उभी होते. शनिवारची सकाळची शाळा, बारामतीहून निघून भवानीनगरच्या पुढचं गाव गाठायचं, त्यात कारखान्याचा हंगाम सुरू झालेला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं एकदा सापडलं की परिपाठ हुकलाच म्हणून समजा. आणि ही बया अजून येत नव्हती. उज्ज्वला वेळेवर कधीच यायची नाही. पण उशीर झाला तरी लांबूनच हात हलवत, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि तोंडात कालचाच विषय, अशी यायची. त्या दिवशी मला तिची घाई जरा जास्तच होती. आदल्या संध्याकाळी आमचा वाद अर्धवट राहिला होता आणि माझं उत्तर मी चपात्या लाटता लाटता तयार करून ठेवलं होतं, अगदी वाक्यन्‌वाक्य. ती मागं बसली की लगेच सुरू करायचं म्हणून मी स्कूटीचं मागचं पायदानही उघडून ठेवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. तिचंच नाव दिसलं. मी समोरचं काही ऐकून न घेता म्हणाले, "अगं महामाये, निघालीस का?" पलीकडून दिलीपभाऊजींचा, तिच्या नवऱ्याचा, आवाज आला. "शैलाताई, तुमी व्हा पुढं... ती न्हाय येत." मी विचारलं, ताप वगैरे आहे का. मग ते म्हणाले, "गेली ती."

"कुठं गेली?" मी विचारलं. खरंच विचारलं. भर चौकात, डोक्यावर हेल्मेट घालून, मी त्या माणसाला विचारलं की तुमची बायको कुठं गेली. आणि ते बिचारे फोनवर उत्तर शोधत राहिले. शेवटी त्यांच्या धाकट्या भावानं फोन घेतला आणि मला समजेल असं सांगितलं. सकाळी उठून तिनं चहा ठेवला. भाऊजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. चहा करपल्याचा वास आला म्हणून त्यांनी तिथूनच आवाज दिला, "आगं, उतू चाललाय!" पुन्हा दिला. मग वैतागून आत गेले, तर ती ओट्याखाली भिंतीला पाठ टेकून बसलेली, हातात गाळणी तशीच... डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. ना कधी दम लागलेला, ना कसली गोळी चालू. पन्नाशीसुद्धा व्हायची होती तिची.

मी तिच्या घरी गेले तेव्हा मागचं पायदान उघडंच होतं, हे मला दारात कुणीतरी सांगितलं. घर माणसांनी भरलं होतं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. शेगडीभोवती चहाचे ओघळ वाळले होते आणि नात्यातली एक बाई ते पुसायला लागली, तर मी तिच्यावर ओरडले. का ओरडले, मला अजून माहीत नाही. बाहेर कुणीतरी म्हणत होतं, सोन्यासारखं मरण आलं हो, कुणाला त्रास नाही, कुणाच्या हातापाया पडणं नाही. मला संताप आला. सोन्यासारखं कसलं? ज्या बाईला कुठलंही बोलणं अर्धवट सोडलेलं खपायचं नाही, ती चहाच्या भांड्यासमोर अशी निघून जाते? मी गणित शिकवते. उदाहरण सोडवताना मधली पायरी गाळली की मी मुलांचे गुण कापते. शुक्रवारी संध्याकाळी ती चौकात उतरली आणि शनिवारी सकाळी ती नव्हती, यात मधली पायरीच नाही. इतके आठवडे झाले, मला हे उदाहरण सुटलेलं नाही. रडूही नीट येत नाही, नुसता राग येतो.

उज्ज्वला आणि मी एकाच वर्षी या शाळेत रुजू झालो. दोघीही बारामतीत राहायला, म्हणून माझ्या स्कूटीवर एकत्र जाणं-येणं सुरू झालं. ती इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायची. मला तो विषय म्हणजे पाठांतर वाटायचा, आणि मी ते तिला तोंडावर म्हणायचे. ती मागं बसून माझ्या कानात बोलत राहायची. वाऱ्यानं निम्मं ऐकू यायचं नाही, तरी मी "हं, हं" करायचे, तर ती लगेच पकडायची, "काय म्हणले मी? सांग." माहेर तिचं पणदऱ्याच्या बाजूला. वडील ऊस आणि चार म्हशी सांभाळून गावच्या दूध संस्थेचे सभासद. लहानपणी ती त्यांच्याबरोबर संस्थेच्या वार्षिक सभेला जायची, कारण तिथं शेव-बुंदी मिळायची. सभेचं तिला आठवायचं ते एवढंच, की एक जण पुढं उभा राहून विषय वाचायचा आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मांडवातून आरोळी उठायची, "मंजूर, मंजूर!" बाराखडीतल्यासारखे विषय एकामागून एक जायचे. एकदा तिनं वडिलांना विचारलं, आबा, आत्ता काय मंजूर झालं? आबा म्हणाले, "ते कुटं ऐकू आलं, पोरी? चल, ताट वाढत्यात."

सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधान येतं. आमच्याकडं उद्देशिका रोज परिपाठाला होते, पोरं ती एका सुरात म्हणतात, पाढे म्हणतात तशी. उज्ज्वलाला ते पुरायचं नाही. ती म्हणायची, संविधान सभेतली माणसं कितीतरी महिने एकमेकांशी वाद घालत बसली होती. प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी उठून म्हणत होतं की हे असं नको. आणि आपण पोरांना त्यातलं काय देतो, तर शेवटचं उत्तर. म्हणून तिनं वर्गात सभा भरवायचं ठरवलं. संविधान सभेतलेच खरे विषय घ्यायचे, दोन्ही बाजूंचं म्हणणं सोप्या मराठीत सांगायचं, कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं तिनं मला मागच्या बाकावर बसवलं. सभापती झालेल्या पोरानं उभं राहून विषय वाचायला सुरुवात केली, "देशाचा कारभार कोणत्या भाषेत..." आणि सगळा वर्ग हात वर करून ओरडला, "मंजूर, मंजूर!" पोरांनी तरी काय करायचं? सभा म्हणजे काय ते त्यांनी आपापल्या बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेलं होतं. मी पोट धरून हसले. उज्ज्वला हसली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बसून ती कितीतरी वेळ त्या वर उठलेल्या हातांकडं पाहत राहिली.

त्यानंतर तिनं तिच्या सभेचे नियम केले. ‘मंजूर’ हा शब्द वर्गात बंद. बाकं भिंतीला लावायची, जमिनीवर दोन बाजूंना दोन बैठका अंथरायच्या, मध्ये एक रुंद पट्टा मोकळा ठेवायचा. बोलताना ज्याला वाटेल की पलीकडच्याचं खरं आहे, त्यानं उठायचं, मधला पट्टा ओलांडायचा आणि पलीकडं जाऊन बसायचं. आणि तो ज्यांना सोडून गेला, त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. याच नियमावर पोरं पहिल्यांदा बिथरली. सोडून गेला त्याला टाळ्या? आमच्या भागात जो पार्टी सोडून जातो त्याच्या दारात कुणी चहासुद्धा पीत नाही! पण तिचा सगळ्यात अवघड नियम दुसराच होता. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तेही असं, की समोरच्यानं "व्हय, आसंच म्हणलं मी" म्हटलं पाहिजे. तो "न्हाय" म्हणाला की पुन्हा सांगायचं. तो "व्हय" म्हणेपर्यंत आपली पाळी येत नाही. सातवीच्या पोरांना हे जमायला दिवाळी उजाडायची. सुरुवातीला एकमेकांचं म्हणणं सांगताना मुद्दाम वेडंवाकडं सांगायचे, समोरचा खवळून "न्हाय!" म्हणायचा, आणि उज्ज्वला कट्ट्यावरून शांतपणे म्हणायची, "पुन्हा."

यातून एकदा मोठा घोळ झाला. तेव्हा दुसरी बैठक अशी नव्हतीच. एक शाळेची लाल सतरंजी आणि पलीकडं खताची पोती उसवून शिवलेलं तरट. एक मुलगा भाषेच्या वादात सतरंजीवरून उठून तरटावर गेला. मधल्या सुट्टीत ही बातमी शाळेच्या फाटकाबाहेर पडली आणि संध्याकाळपर्यंत गावात पोचली ती अशी, की अमक्या तात्यांचा नातू पलीकडच्या पॅनेलमध्ये गेला. गावात निवडणुकीचं वारं होतं. दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः शाळेत आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी, आणि डोळे असे की मुख्याध्यापक सरांना अचानक कार्यालयात काम आठवलं. "बाई," तात्या म्हणाले, "आमच्या घराण्यात आजवर कुणी बाजू बदलली न्हाय. तुमी आमच्या पोराला फोडला." मी वर्गाबाहेर उभी राहून ऐकत होते, हिची आता चांगलीच जिरते म्हणून. उज्ज्वलानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "तात्या, तुमचं म्हणणं मी सांगते. बरोबर असलं तर व्हय म्हणा. शब्द दिला की तो मोडायचा न्हाय, माणसाची किंमत त्यातच असती, आणि मी पोराला शब्द मोडायला शिकवती. आसंच ना?" तात्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. त्यांच्या आयुष्यात त्यांच्याशी भांडणाऱ्या माणसानं त्यांचं म्हणणं इतकं नीट सांगितलं नसावं. "व्हय," ते म्हणाले, "आसंच." मग तिनं तिचं सांगितलं, की ऐकून घेऊन मन बदलणं निराळं आणि कुणी काही दिलं म्हणून बदलणं निराळं, आणि पोरांना हा फरक आत्ताच कळला तर बरं. तात्यांना पटलं की नाही, ते कळलं नाही. उठून वर्गाच्या दारातून त्यांनी आत नजर टाकली, तरटाकडं काठी केली आणि विचारलं, "ह्या पोत्यावर बसला व्हय आमचा?" पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरून एक नवी कोरी निळी सतरंजी आली. निरोप एवढाच, की आमचं पोरगं कुठल्या का बाजूला बसंना, पोत्यावर बसायचं न्हाय.

सभा तेव्हापासून लाल आणि निळ्या सतरंजीवर भरू लागली. मी मात्र कधी बसले नाही. उज्ज्वला दर वर्षी म्हणायची, शैले, एकदा चिठ्ठी उचल, बस माझ्या पोरांच्यात. मी म्हणायचे, माझ्या विषयात दोन सतरंज्या नसतात बाई, एकच उत्तर असतं. ती म्हणायची, तेच तर तुझं दुखणं हाय. हा आमचा रोजचा वाद, जाताना आणि येताना. नवऱ्याशी भांडण झालं तर मी एखादा दिवस गप्प बसत असेन, उज्ज्वलाशी कधी गप्प बसले नाही.

त्या शुक्रवारी विषय होता मताचा अधिकार. सगळ्या प्रौढांना मत द्यायचं, की ज्यांना लिहिता-वाचता येतं त्यांनाच आधी द्यायचं? ज्या काळात देशातल्या बहुतेकांना सहीसुद्धा करता येत नव्हती, त्या काळातला हा प्रश्न. प्रतीक्षाच्या चिठ्ठीत निघालं, ‘आधी शिक्षण, मग मत.’ प्रतीक्षा म्हणजे वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी. आई-वडील लोणी देवकरला कंपनीत कामाला, ही गावात आजीपाशी राहते. ती लाल सतरंजीवरून अशी काही बोलायला लागली की मी माझा तास सोडून दारात येऊन थांबले. ज्याला कागद वाचता येत न्हाय, त्याला कुणीबी फसवंल. त्याचं मत त्याचं राहतच न्हाय, दुसऱ्याचं हुतं. मग देश कुणाच्या हातात गेला? निळ्या सतरंजीवरची मुलं एकेक करून उठून लाल सतरंजीवर येऊ लागली. टाळ्यांवर टाळ्या. मग ओंकार उभा राहिला. तो एरवी फारसा बोलत नाही. नियमाप्रमाणं त्याला आधी तिचं म्हणणं सांगायचं होतं. तो हळू म्हणाला, "प्रतीक्षाचं म्हणणं आसं हाय, की तिच्या आजीला वाचता येत न्हाय, म्हणून तिच्या आजीला मत द्यायचं न्हाय. आजी मरंपर्यंत शिकली न्हाय, तर मरंपर्यंत न्हाय." आणि तो थांबला. आता तिनं म्हणायचं होतं, व्हय, आसंच म्हणलं मी.

प्रतीक्षाला ते म्हणता येईना. ही आजी मतदानाच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळीच केंद्रावर जाते आणि बोटाची शाई दोन-चार दिवस सगळ्या आळीला दाखवत हिंडते, हे आम्हा सगळ्यांना माहीत. पोरीचं तोंड लालबुंद झालं. "न्हाय" म्हणावं तर ओंकारनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ती उठली, दोन पावलं चालली आणि मधल्या पट्ट्यात येऊन थांबली. ना इकडं, ना तिकडं. इतक्या वर्षांत कुणी तिथं थांबलेलं नव्हतं. सगळा वर्ग उज्ज्वलाकडं बघायला लागला आणि तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली. उज्ज्वला कट्ट्यावरून उतरली, प्रतीक्षाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "घाई न्हाय. आज घरी जा, आजीच्या हातचं जेव. उद्या सांग." प्रतीक्षा म्हणाली, "उद्या सांगते, बाई."

त्या संध्याकाळी मी स्कूटीवर तिला चांगलंच झापलं. म्हटलं, तुला उत्तर माहीत आहे, मला माहीत आहे, पुस्तकात एका ओळीत छापलेलं आहे की सगळ्यांना मत मिळालं. मग लेकराला असं मध्येच लटकवून घरी पाठवायचं हा काय दुष्टपणा? सरळ सांगायचं, बाळ, आजीला मत मिळालं, जा खेळ. मागून ती बोलत होती आणि त्या दिवशी वारा नव्हता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "आगं, एका ओळीत हाय म्हणून तर पोरांना वाटतं, ते आपोआप झालं. जी माणसं तिथं बसली होती त्यांना कुठं माहीत होतं पुढं काय होणार? झालं नसतं तर? कुणीतरी तिच्या आजीचा विचार करून उभं राहिलं, म्हणून झालं. त्या पोरीला एक रात्र तरी वाटू दे, की हे आपल्यावर हाय." मी म्हटलं, हे सगळं भाषणात ठीक आहे. चौक आला. ती उतरली, पदर सारखा केला आणि डब्याची पिशवी हलवत म्हणाली, "आसं न्हाय. आधी माझं म्हणणं सांग, मग तुझं ऐकते." मी म्हटलं, आता नाही, घरी चपात्या व्हायच्यात, उद्या सांगते. "उद्या तर उद्या," ती म्हणाली, आणि वळून गेली. मी तिला जाताना पाहिलंसुद्धा नाही, कारण मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.

शनिवारी शाळेत मुलांनी बाकं भिंतीला लावून दोन्ही सतरंज्या अंथरून ठेवल्या होत्या. मुख्याध्यापक सर वर्गात गेले आणि त्यांना सांगितलं. सर नंतर मला म्हणाले, पोरं रडली, सतरंज्यांची घडी घालून घरी गेली. पण प्रतीक्षा हलेना, ती मधल्या पट्ट्यात उभीच. आजीला बोलावून तिला घरी न्यावं लागलं. पुढं दहावा-तेरावा झाला, मी शाळेत जाऊ लागले. सरांनी नागरिकशास्त्राचे तास मला दिले आणि म्हणाले, तेवढा धडा उरकून टाका, मुलांना त्या सभेचा त्रास नको. मलाही तेच बरं वाटलं. खडू घेऊन गेले आणि फळ्याकडं तोंड करून ते वाक्य लिहायला लागले, की सर्व प्रौढ नागरिकांना मताधिकार मिळाला. अर्ध्यावर मागून आवाज आला. प्रतीक्षा उभी होती. "बाई," ती म्हणाली, "मी त्यास्नी उद्या सांगते म्हणलं हुतं."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. कारण मीही तेच म्हणाले होते. एकाच दिवशी त्या बाईला दोन माणसांनी ‘उद्या सांगते’ म्हटलं आणि त्यातली एक तेरा वर्षांची पोर आपला शब्द राखायला उभी होती. मी मुलांकडं बघितलं. सगळी कोपऱ्यातल्या घडी केलेल्या सतरंज्यांकडं बघत होती. मी म्हटलं, अंथरा.

ज्याची त्याची जागा ज्याला त्याला आठवत होती. प्रतीक्षा मध्ये येऊन उभी राहिली, ओंकार समोर. मी कुठं बसायचं तेच मला कळेना. खिडकीचा कट्टा मोकळा होता, तिथं माझ्यानं बसवेना. मी दाराशीच उभी राहिले. ओंकारनं पुन्हा तेच सांगितलं, की तुझ्या आजीला वाचता येत न्हाय म्हणून तिला मत द्यायचं न्हाय, आसं तुझं म्हणणं हाय. प्रतीक्षानं एकदा कट्ट्याकडं पाहिलं. मग ओंकारकडं. "व्हय," ती म्हणाली, "आसंच म्हणलं मी. आन् आता मी तसं म्हणत न्हाय. ज्याला वाचता येत न्हाय त्याला फसवत्यात, हे खरं हाय. पण म्हणून त्याचं मत काढून घेतलं, तर फसवणाऱ्याला बरंच झालं की." आणि ती चालत निळ्या सतरंजीवर जाऊन बसली. मग लाल सतरंजीवरची सगळी पोरं, जिला त्यांनी गमावलं तिच्यासाठी, टाळ्या वाजवू लागली. रडत रडत, पण जोरात. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. उज्ज्वलाच्या घरी, स्मशानात, दहाव्याला जे आलं नव्हतं ते रडू मला तिथं, सातवीच्या वर्गात फुटलं. त्या पोरीनं ती रात्र खरंच प्रश्न घेऊन काढली होती. उत्तर मी दिलं असतं तर तिला ते पाठ झालं असतं, एवढंच.

सतरंज्या आता दोन्ही वर्गातच असतात. सर काही म्हणाले नाहीत. पुढच्या विषयाच्या चिठ्ठ्या मुलांनीच केल्या आणि त्यात एक माझ्याही नावाची होती. मी उचलली, निळ्यावर बसले. गुडघे दुखले. पण हे सगळं सांगायचं ते जिला, ती मागं बसलेली नसते. सकाळी चौकात आले की माझा पाय आपोआप मागचं पायदान उघडतो. घाई असली तरी मी जरा वेळ थांबते. मग निघते आणि भवानीनगरपर्यंत, मोठ्यानं, तिचं म्हणणं सांगत जाते. सुरुवातीला नीट जमत नव्हतं. मध्येच माझंच काहीतरी घुसायचं, मग मीच म्हणायचे, पुन्हा. उज्ज्वला, तुझं म्हणणं असं होतं, की जे आपल्याला मिळालं ते आपोआप मिळालेलं नाही. ते मिळालं नसतं असंही झालं असतं. कुणीतरी आपला विचार करून उभं राहिलं म्हणून मिळालं. आणि हे लेकरांना सांगून कळत नाही, त्यांना एक रात्र तसं जगू द्यावं लागतं. असंच ना?

एवढं बोलून मी गाडी हळू करते. मागून काही येत नाही. माझं उत्तर, ते चपात्या लाटताना केलेलं, अजून माझ्यापाशीच आहे. आता ते फारसं बरोबरही वाटत नाही, पण तिला ऐकवायचं होतं. नियम तिचाच आहे. ती "व्हय" म्हणेपर्यंत माझी पाळी येत नाही.